अलार्मचे दिवे आणि ट्रॉलीमागचा लाल दिवा



पूर्वी आपल्या दाराशी बैलजोडी असायची आणि गाडीच्या दांडीखाली कंदील टांगलेला असायचा. त्या कंदिलाने बैलाला वाट दिसत नसे. बैलाला वाट पाठच असते. मागून येणाऱ्याला गाडी दिसावी, यासाठी तो कंदील होता. आज दाराशी ट्रॅक्टर आला, जीप आली, कोणाकडे चारचाकी आली. दिवे तर इतके झाले की पुढून पाहिले तर दिवाळी वाटावी. पण मागे जाऊन पाहावे तर अंधार! हा लेख त्या अंधाराबद्दल आहे, आणि तो अंधार आपणच आपल्या हाताने कसा करून ठेवतो त्याबद्दलही आहे.

अलीकडे बॅटऱ्या चोरीला जातात म्हणून बऱ्याच मंडळींनी ट्रॅक्टरला, जीपला अलार्म बसवून घेतले आहेत. त्यात वावगे काही नाही. नुसता भोंगा वाजून भागत नाही, दिवेही लुकलुकले पाहिजेत, हेही खरेच. ट्रॅक्टरांची लांबच लांब रांग उभी असते, मध्यरात्री कुठेतरी भोंगा वाजू लागतो, आणि सगळे ड्रायव्हर गोधडीतून डोके काढून एकमेकांना विचारतात, "कोणाचा रे?" भोंगा सांगतो की काहीतरी घडले, कुठे घडले ते दिवाच सांगतो. म्हणून अलार्मला दिवे जोडावेत. प्रश्न आहे तो कसे जोडावेत याचा.

आमचीच चूक

दुसऱ्याला शहाणपण सांगण्याआधी स्वतःची चूक सांगितलेली बरी. आम्हीही सभासदच आहोत, ट्रॅक्टरवालेही आहोत. २०१८ सालच्या जानेवारीतली गोष्ट. आमच्या ट्रॅक्टरला अलार्म बसवून दोन-तीन महिने झाले होते. बसवणाऱ्याने वीज कोठून घेतली, ते आम्ही पाहिले नाही. हाताशी होती म्हणून त्याने ट्रॉलीच्या मागच्या दिव्याकडे जाणाऱ्या वायरीलाच सोलून पीळ दिला आणि वर चिकटपट्टी गुंडाळली. काम अर्ध्या तासात झाले, पैसेही कमी लागले, आम्ही खूश.

पुढे त्या लाईनीचा फ्यूज उडू लागला. दोनदा बदलला. तिसऱ्यांदा ड्रायव्हरने सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवली. आम्हाला ते ठाऊक होते. "हंगाम संपला की बघू," असे आम्हीच म्हणालो होतो.

त्या रात्री दोन ट्रॉल्या भरून ऊस मुंबई-आग्रा महामार्गाने चालला होता. सावळद्याच्या तापी पुलाच्या अलीकडे मागच्या ट्रॉलीचे टायर फुटले. गाडी कडेला घेतली, पण पूर्ण कडेला काही जाईना. मागचे दिवे पेटेनात. ड्रायव्हरने अलार्मच्या रिमोटचे बटन दाबले. ट्रॅक्टरचे इंडिकेटर लुकलुकू लागले. त्याला वाटले, झाली सोय. पण ते दिवे ट्रॅक्टरचे. मागे दोन ट्रॉल्यांवर उसाचे डोंगर. मागून येणाऱ्याला त्यातले काय दिसणार? शिवाय अलार्मचे लुकलुकणे अर्ध्या मिनिटाने आपोआप थांबले. ड्रायव्हर जॅक काढायला वाकला आणि तेवढ्यात शेजारच्या गावचा एक तरुण मोटारसायकलवरून आला, तो सरळ उसाच्या मोळ्यांवर.

जीव वाचला. पाय दोन ठिकाणी मोडला, आठ महिने तो कामावर जाऊ शकला नाही, आणि अजूनही जिना चढताना कठड्याला धरतो. दवाखान्याचा खर्च आम्ही केला. पण पैसे दिले म्हणून पाय सरळ होत नाही. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने बॉनेट उघडून जळालेली वायर हातात धरली आणि म्हणाला, "आबा, हाऊ फ्यूज नही शे, हाई तं चांदी शे." आम्ही मान खाली घातली.

तेव्हापासून आम्ही हे वायरिंग समजून घ्यायला बसलो. जे समजले ते पुढे देत आहोत.

मोजमाप आधी, वायर नंतर

आपण पाटाच्या पाण्याचा हिशेब करतो, तसाच विजेचा करता येतो. दिव्यावर वॅट लिहिलेले असतात. त्याला बॅटरीच्या १२ व्होल्टने भागले की अँपिअर निघतात. अँपिअर म्हणजे वायरीतून वाहणारा प्रवाह. ५५ वॅटचा एक हॅलोजन साधारण साडेचार अँपिअर घेतो, दोन घेतले तर नऊच्या वर. इंडिकेटरचा साधा बल्ब २१ वॅटचा असतो, मागचा लाल पार्किंग दिवा ५ वॅटचा.

आता ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या धरा. ट्रॅक्टरला एका बाजूस पुढे-मागे मिळून दोन इंडिकेटर, प्रत्येक ट्रॉलीला त्याच बाजूस एकेक. झाले चार बल्ब. चार गुणिले २१ म्हणजे ८४ वॅट, म्हणजे एका बाजूला ७ अँपिअर. अलार्म वाजताना दोन्ही बाजू एकदम लुकलुकतात, म्हणजे १४ अँपिअर. अलार्मची डबी असते काडेपेटीच्या दुप्पट-तिप्पट. ती मोटारगाडीच्या मोजक्या बल्बांसाठी बनवलेली. तिच्यावर दोन ट्रॉल्यांचे ओझे टाकले तर आतला नाजूक पट्टा जळतो, नाहीतर आतली पट्टी चिकटून बसते आणि दिवे कायमचे पेटून राहतात. डबीबरोबर कागद येतो, त्यावर दिव्यांच्या वायरीस किती अँपिअर चालतील ते लिहिलेले असते. तो कागद फेकू नका. आपल्याकडे नवीन वस्तूचा पहिला फेकला जातो तो कागदच!

रिले म्हणजे विहिरीवरचा स्टार्टर

मग एवढे दिवे अलार्मवर चालवायचे कसे? उत्तर आपल्या विहिरीवरच आहे. पाच हॉर्सपॉवरच्या मोटारीचा प्रवाह आपण बोटाखालच्या बटनातून नेत नाही. बटनाने स्टार्टरची कॉईल ओढली जाते, आणि मोटारीचा सगळा भार स्टार्टरचे जाड संपर्क सोसतात. गाडीतला रिले तेच काम करतो. त्याच्या कॉईलला पाव अँपिअरही लागत नाही, पण त्याच्या संपर्कातून ३० अँपिअरपर्यंत प्रवाह नेता येतो. बाजारात सहज मिळतो, किमतीने एका टायरच्या पंक्चरीएवढा.

रिलेच्या पायांवर आकडे कोरलेले असतात. ते असे लक्षात ठेवावेत :

३० : बॅटरीच्या प्लसवरून, फ्यूजमधून आलेली जाड वायर.
८७ : येथून दिव्यांकडे जाणारी जाड वायर.
८६ : अलार्मच्या दिव्यांची बारीक वायर.
८५ : अर्थ, म्हणजे चासीचा स्वच्छ केलेला नट.

मध्ये पाचवा पाय असला तर तो मोकळा ठेवावा.

येथे दोन गोष्टी सांभाळायच्या. पहिली : काही अलार्म दिव्यांच्या वायरीवर प्लस देतात, काही मायनस देतात. टेस्ट लॅम्प लावून आधी खात्री करावी. मायनस देणारा असेल तर ८६ ला फ्यूजमधून प्लस द्यावे आणि अलार्मची वायर ८५ ला लावावी. दुसरी : डावे आणि उजवे इंडिकेटर एकाच रिलेच्या एकाच संपर्कावर जोडू नयेत. तसे केले की दोन्ही बाजू आतून एक होतात, आणि मग डावीकडे वळायचा हात दिला की उजवाही लुकलुकतो. रात्री मागचा ट्रकवाला काय समजणार? म्हणून दोन रिले घ्यावेत, डाव्याला एक, उजव्याला एक, आणि प्रत्येकाला १० अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज. बऱ्याच अलार्मना डाव्या-उजव्यासाठी दोन वेगळ्या वायरी असतातच. एकच असली तर ती दोन्ही रिलेंच्या कॉईलला द्यावी.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची मायनस वायर काढून ठेवावी. आधी मायनस काढायची, आणि शेवटी मायनसच लावायची. पान्ह्याचा एक टोक प्लसला आणि दुसरे चासीला लागले तर काय होते, हे ज्याने पाहिले आहे त्याला हे सांगावे लागत नाही. गाडी वॉरंटीत असेल तर मूळ वायरिंग कापण्याआधी कंपनीच्या पुस्तिकेत काय लिहिले आहे तेही पाहावे.

फ्यूज हा पहारेकरी आहे

फ्यूज उडाला की आपल्याला राग येतो. वास्तविक तो आपल्याला सांगत असतो की पुढे कुठेतरी गडबड आहे. विहिरीवर फ्यूजच्या जागी जाड तार घालून मोटार जाळणारे आपल्यात कमी नाहीत, आणि ट्रॅक्टरवर चांदी घालणारे आम्ही स्वतः. फ्यूज हा वायरीच्या रक्षणासाठी असतो. म्हणून तो बॅटरीपासून वीतभर अंतरावरच बसवावा. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या वायरीला कोणी पहारेकरी नसतो. ती जितकी लांब तितका धोका. वायर पत्र्याला घासते, रबर सोलले जाते, ठिणगी पडते, आणि मागे काय असते? उसाचा वाळलेला पाचट!

जे जे नवीन जोडाल त्याला स्वतःची वायर आणि स्वतःचा फ्यूज द्या. अलार्मला वेगळा, शेतात ऊस भरताना लागणाऱ्या फोकसला वेगळा, टेपला वेगळा. मागच्या लाल दिव्याच्या वायरीवर दुसऱ्या कशाचाही वाटा नको. बारामाही पाण्यावर पहिला हक्क पिण्याचा, तसा बॅटरीवर पहिला हक्क मागच्या दिव्याचा.

वायर बारीक, उजेड मंद

लांबच्या शेताला बारीक पाइपाने पाणी नेले तर शेवटच्या वाफ्यात धार पोचत नाही. वायरीचेही तसेच. मागच्या ट्रॉलीचा दिवा बॅटरीपासून सहज १० मीटर लांब असतो. एक एमएमच्या तांब्याच्या वायरीतून ४ अँपिअर नेले तर जाता-येता मिळून सुमारे १.४ व्होल्ट वाटेतच संपतात. १२ मधले दीड गेले तर काय झाले, असे वाटेल. पण साध्या बल्बचा उजेड तेवढ्याने जवळजवळ एक-तृतीयांश कमी होतो. त्याऐवजी अडीच एमएमची वायर वापरली तर ही गळती अर्ध्याहून कमी होते. एलईडीचे दिवे थोड्या प्रवाहावर चालतात, धक्क्यांनी त्यांची तार तुटत नाही. ट्रॉलीला ते चांगले. मात्र इंडिकेटरला एलईडी लावले तर जुना फ्लॅशर घाईघाईने लुकलुकतो किंवा लुकलुकतच नाही. तेव्हा एलईडीसाठीचा फ्लॅशर बदलून घ्यावा.

आणि अर्थ! ट्रॉलीचे निम्मे बिघाड अर्थाचे असतात. पुष्कळ ठिकाणी ट्रॉलीला वेगळी अर्थाची वायरच नसते; प्रवाह हुकाच्या पिनेतून परत यावा अशी अपेक्षा असते. त्या पिनेवर गंज, ग्रीस आणि माती. खड्ड्यात चाक गेले की दिवा विझतो, वर आले की लागतो. सात पिनांच्या सॉकेटमधून अर्थाची वायर वेगळी न्यावी, दोन्ही ट्रॉल्यांपर्यंत. सॉकेटची कोणती पिन कशाला, ते आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेप्रमाणे लावावे आणि गावातल्या सगळ्या ट्रॉल्यांना एकच पद्धत ठेवावी. ट्रॉल्या आपण एकमेकांना देतो-घेतो. एकाचा डावा दुसऱ्याचा उजवा व्हायला नको.

बॅटरी उतरते कशी

अलार्म झोपत नाही. गाडी बंद असतानाही तो थोडी थोडी वीज पीतच असतो. ३० मिलिअँपिअर धरले तरी महिन्याला २१ अँपिअर-अवर होतात. ७५ अँपिअर-अवरची बॅटरी असेल तर चौथा हिस्सा नुसत्या पहाऱ्यात गेला. पावसाळ्यात महिना-दीड महिना गाडी उभी राहणार असेल तर अधूनमधून सुरू करावी किंवा बॅटरी सोडवून ठेवावी. ५५ वॅटचे दोन फोकस इंजिन बंद ठेवून चार तास चालवले तर ३६-३७ अँपिअर-अवर जातात, म्हणजे निम्मी बॅटरी. मग पहाटे ट्रॅक्टर ढकलायला टोळीतली माणसे उठवावी लागतात.

अलार्मची धक्क्याची कळ फार नाजूक ठेवू नये. गोठ्याजवळच्या ट्रॅक्टरला गाय अंग घासते, बॉनेटवर शेळी चढते, आणि सगळी गल्ली जागी होते. तीनदा असे झाले की चौथ्यांदा कोणी उठत नाही. आणि चोर येतो तो चौथ्यांदा. पोलिसांच्या गाडीसारखे निरनिराळे सूर काढणारे भोंगे हॉर्न म्हणून लावायला १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांची मनाई आहे, तेही ध्यानात असावे.

रस्त्यावर काय दिसले पाहिजे

त्याच नियमांत दिव्यांच्या रंगाचेही सांगितले आहे. पुढच्या बाजूस लाल दिवा चालत नाही, आणि मागच्या बाजूस, रिव्हर्सचा दिवा व नंबर पाटीचा दिवा यांसारखे अपवाद सोडले तर, पांढरा उजेड चालत नाही. त्याचे कारण साधे आहे. लाल म्हणजे पाठ, पांढरा म्हणजे तोंड. ट्रॉलीवर मागे तोंड करून बसवलेला फोकस रस्त्यावर पेटता राहिला तर मागून येणाऱ्याचे डोळे दिपतात, आणि त्याला वाटते की समोरून गाडी येते आहे. तो फोकस शेतापुरता. त्याला वेगळा स्विच द्यावा आणि ड्रायव्हरच्या समोर छोटा खुणेचा दिवा लावावा, म्हणजे पेटता राहिल्याचे कळते.

वेगाचाही हिशेब पाहा. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. डिपरच्या उजेडात अंधारी वस्तू दिसते ती ४०-५० मीटरवर. म्हणजे त्या ड्रायव्हरजवळ फक्त दोन सेकंद! त्यातला एक सव्वा सेकंद पाय ब्रेकवर जाण्यातच संपतो. लाल दिवा किंवा चांगला रिफ्लेक्टर असेल तर तो आपल्याला कितीतरी आधी पाहतो. आपल्या तालुक्यातून मुंबई-आग्रा रस्ता जातो. सेंधव्याचा घाट उतरून आलेले ट्रक त्याच रस्त्याने येतात. ट्रॉली त्यांना जागा करून देऊ शकत नाही. निदान दिसू तरी शकते.

दिवा बसवला, पण त्यावर उसाचे वाढे लोंबत असतील तर तो असून नसल्यासारखा. भरणी झाल्यावर मागचे वाढे कापून घ्यावेत, किंवा दिव्यांची पट्टी वेगळी करून मोळ्यांच्या बाहेर टांगावी. तिला लांब वायर आणि प्लग ठेवला की रिकामी करताना काढता येते. रिफ्लेक्टरला वायर लागत नाही, फ्यूज लागत नाही, बॅटरी लागत नाही. मात्र तो चिखलाने माखला की आंधळा होतो. रोज फडके मारावे. बैलगाडीवाल्यांनीही जुवाच्या टोकांना आणि मागच्या फळीला चमकणारी पट्टी लावावी.

गाडी रस्त्यात बंद पडलीच तर अलार्मच्या बटनावर विसंबू नये. ते आपोआप थांबते. आम्ही त्याचा अनुभव घेतला आहे. चारही इंडिकेटर चालू ठेवणारा वेगळा हॅझार्ड स्विच हवा, आणि तो ट्रॉल्यांपर्यंत पोचलेला हवा. शिवाय मागे ५० मीटरवर चमकणारा त्रिकोण ठेवावा आणि एका माणसाने बॅटरी घेऊन कडेला, रस्त्याबाहेर उभे राहावे. आणि निघताना चाकाखालचे दगड उचलावेत. आपण आपले निघून जातो. तो दगड रात्रभर दुसऱ्याची वाट पाहत पडून राहतो. धोकादायक रीतीने रस्त्यात गाडी सोडणे हा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२२ व्या कलमाचा भंग आहे. पण कायद्याचे एक बाजूला ठेवू. त्या मोटारसायकलवर कोण असेल, ते आपल्याला ठाऊक नसते. तो आपल्याच गावचा असू शकतो. आपला मुलगाही असू शकतो.

हंगामापूर्वी एक संध्याकाळ

एवढे सगळे वाचून, "हे आपले काम नव्हे, मेकॅनिकचे," असे कोणी म्हणेल. जोडणी मेकॅनिकच करू दे. पाहणी मात्र आपली. त्याला तीन प्रश्न विचारा : वीज कोठून घेतलीस? फ्यूज कोठे आहे? रिले किती लावलेस? तिन्ही उत्तरे बोटाने दाखवता आली पाहिजेत. नाही दाखवली तर पैसे देऊ नका.

आणि ऊसतोड सुरू होण्यापूर्वी एक संध्याकाळ राखून ठेवा. ट्रॅक्टरला दोन्ही ट्रॉल्या जोडा, दिवे लावा, आणि स्वतः चालत मागे शंभर पावले जा. वळून पाहा. लाल दिवे दोन दिसतात का? ब्रेक दाबल्यावर उजेड वाढतो का? डावा म्हटल्यावर डावाच लुकलुकतो का? आता अलार्म वाजवून पाहा आणि तो थांबल्यावर लाल दिवे तसेच तेवत आहेत का ते पाहा. मग दिवे बंद करायला लावून, हातातल्या बॅटरीचा झोत टाका आणि रिफ्लेक्टर चमकतो का पाहा.

आम्ही आता दरवर्षी ही शंभर पावले चालतो. पहिल्या वर्षी तो तरुण आमच्याबरोबर आला होता, काठी टेकत. मागे उभा राहून त्याने बराच वेळ पाहिले आणि म्हणाला, "आबा, डावा जरा मंद आहे." पाहिले तर अर्थाचा नट ढिला होता. पान्हा आणून घट्ट केला, तेव्हा दोन्ही सारखे झाले.